वाचकांचे प्रश्न : पक्षिनिरीक्षणासाठी स्पॉटिंग स्कोप निवडताना

पाऊस ओसरू लागला की या सदराकडे दुर्बिणी आणि स्पॉटिंग स्कोप (तिपाईवर लावून एका डोळ्याने पाहायच्या जास्त पटींच्या दुर्बिणी) यांविषयीची पत्रे येऊ लागतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाभोवतीची आहेत, म्हणून हे सदर पूर्णपणे त्यांनाच दिले आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे. बाकीच्या वाचकांनी तेही वाचावे, कारण त्यांच्या शंकांचा काही भाग तिथेच मिटेल.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून गेली आठ वर्षे ८×४२ची (आठपटीची, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण घेऊन भिगवण, कवडीपाट, पाषाण तलाव आणि वीर धरण इथे जातो. दूरच्या चिखलावर फिरणारे लहान पक्षी दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसतात, म्हणून आता स्पॉटिंग स्कोप घ्यायचे ठरवले आहे. तिपाईसह पन्नास ते साठ हजार रुपयांपर्यंत खर्च करू शकेन. स्कोप पावसात चालणारा हवा. दुकानदार ८० मिलिमीटर भिंगाचा, २० ते ६० पटींचा स्कोप घ्या म्हणतो. बरोबर फिरणारे मित्र ६५ मिलिमीटर पुरे म्हणतात. मला चष्मा आहे आणि गुडघे कुरकुर करतात. नोव्हेंबरातल्या पक्षी सप्ताहाआधी खरेदी उरकावी असा विचार आहे.
— एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : भिगवणला, म्हणजे उजनी जलाशयावर, आपण नावेतून पक्षी पाहता की काठावरून, हे आपण लिहिलेले नाही, आणि पुढचे बरेचसे त्यावरच अवलंबून आहे. कुंभारगाव किंवा डिकसळला जाणारे बहुतेक लोक नावेत बसतात. नावेत स्कोपचा काहीही उपयोग नाही. तिपाई नावेच्या तळाशी कितीही घट्ट रोवली, तरी शेजारच्याने बसल्या जागी कूस बदलली की तेवढा हेलकावा वीसपट मोठा होऊन डोळ्यांपुढे येतो आणि पक्षी भिंगातून निघून जातो. नावेत आपली ८×४२चीच दुर्बीण कामाची. कवडीपाटला तर पक्षी इतके जवळ असतात की तिथेही दुर्बीण भागते. सिंहगडाच्या घेऱ्यातल्या झाडीत स्कोप लावून त्यात पक्षी सापडेपर्यंत तो दुसऱ्या फांदीवर गेलेला असतो. म्हणजे आपल्या नेहमीच्या जागांपैकी उजनी आणि वीर यांचे काठ, आणि पुढेमागे सुप्याच्या बाजूच्या माळरानावर बसून दूरचे भोवत्ये किंवा धाविक पाहायचे झाले तर ते माळ, एवढीच स्कोपची खरी कर्मभूमी आहे. काठावर तासन्‌तास बसण्याची तयारी असेल, तर मात्र आपला निर्णय योग्य आहे.

त्या काठावर स्कोप नेमके काय देतो, हेही सांगायला हवे. तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा असे दोन कुरव हिवाळ्यात एकाच थव्यात बसलेले असतात आणि त्या दिवसांत दोघांचीही डोकी पांढरी पडलेली असतात. पूर्ण वाढ झालेल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या डोळ्याचे बुबुळ फिके, तर काळ्या डोक्याच्या कुरवाचे गडद असते. छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा यांच्यातला फरक पायांच्या रंगात आहे. पहिल्याचे पाय काळे, दुसऱ्याचे पिवळसर हिरवे. पट्टकदंब हंसांपैकी काहींच्या गळ्यात मंगोलियात अभ्यासकांनी घातलेले रंगीत, अक्षरांकित पट्टे असतात, आणि असे हंस भारतात दिसलेले आहेत. बुबुळ, पायांचा रंग, पट्ट्यावरचे अक्षर या गोष्टी दोनशे-तीनशे मीटरवरून आठपटीच्या दुर्बिणीत दिसत नाहीत, तीसपटीच्या चांगल्या स्कोपमध्ये दिसतात. आपल्याला पाहिजे आहे ते हे. साठपट हवी आहे ती दुकानदाराच्या जाहिरातीला.

आता ८० की ६५ हा वाद. भिंगाचा व्यास जेवढा मोठा तेवढा प्रकाश जास्त, हे खरे आहे. ८० मिलिमीटरच्या भिंगात ६५च्या भिंगापेक्षा सुमारे दीडपट प्रकाश येतो. पण डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशझोताची जाडी भिंगाच्या व्यासाला पटींनी भागून येते, आणि प्रतिमा किती उजळ दिसणार हे त्या जाडीवर ठरते. ८० मिलिमीटरचा स्कोप २० पटींवर ४ मिलिमीटरचा झोत देतो आणि ६० पटींवर जेमतेम १.३ मिलिमीटरचा. ६५ मिलिमीटरचे अनेक स्कोप १६ ते ४८ पटींचे असतात. त्यांचा झोत १६ पटींवर ४ मिलिमीटर आणि ४८ पटींवर १.३५ मिलिमीटर भरतो. दोन्ही टोकांना उजेड सारखाच. मोठ्या स्कोपमध्ये जादा मिळते ते एवढेच की त्याच उजेडात पक्षी थोडा अधिक मोठा दिसतो, आणि त्यासाठी अर्धा किलोच्या आसपास जास्त वजन, अधिक दणकट तिपाई आणि दोन्हींची वाढीव किंमत मोजावी लागते. झोत दीड मिलिमीटरच्या खाली गेला की आणखी एक गोष्ट घडते, जी चाळिशीपुढच्या लोकांना बहुधा कोणी सांगत नाही : आपल्याच डोळ्यातल्या द्रवात तरंगणारे धागे आणि ठिपके प्रतिमेवर फिरताना दिसू लागतात. पहिल्यांदा अनुभव आला तेव्हा मी स्कोपचे भिंग पुसत बसलो होतो.

मोठ्या पटींच्या विरोधात याहून मोठे कारण हवा हे आहे. उजनीच्या काठावर सकाळी नऊ-साडेनऊनंतर चिखल तापू लागतो, त्याला लागून असलेली हवा वरच्या हवेपेक्षा गरम होते आणि वेगवेगळ्या तापमानाच्या या थरांतून येणारा प्रकाश प्रत्येक थरात थोडा वाकतो. पक्षी पाण्याखाली असल्यासारखा थरथरू लागतो. ही थरथर स्कोपमध्ये नसून हवेत असल्यामुळे ती पटींबरोबर वाढते, आणि मोठे किंवा महागडे भिंग तिच्यावर उपाय करू शकत नाही. दहानंतर मी पंचवीस-तीस पटींच्या वर सहसा जात नाही. वर्षभरात पन्नासपटींचा खरा उपयोग होतो तो थंडीतल्या सकाळी पहिले दोन तास, किंवा पावसाची सर येऊन गेल्यावर हवा धुतली गेलेली असते तेव्हा. ज्या पटी वर्षातून मोजक्या वेळा वापरायच्या, त्यांच्यासाठी अख्ख्या बजेटाचा तोल बिघडवू नये, असे माझे मत आहे.

त्याऐवजी तो पैसा काचेवर घालवावा. साध्या भिंगातून पांढरे पक्षी, विशेषतः उन्हात उभे असलेले बगळे आणि चमचे, पाहिले तर त्यांच्या कडेला एका बाजूने जांभळट आणि दुसऱ्या बाजूने हिरवट-पिवळी किनार दिसते. वेगवेगळ्या रंगांचे किरण एकाच ठिकाणी एकत्र येत नाहीत म्हणून असे होते. ही किनार कमी करण्यासाठी कमी विखुरणाची काच वापरतात, तिला ईडी काच म्हणतात. तिच्याहून वरची पायरी फ्लुओराइट स्फटिकाची; कोवा कंपनीच्या ८८ मिलिमीटरच्या स्कोपमध्ये तो असतो, पण तो आपल्या रकमेच्या कितीतरी पलीकडचा आहे. टिलव्याच्या पायांचा रंग ओळखायचा असताना रंगांची ही किनार नेमकी नको तिथे आडवी येते, म्हणून ईडी काचेचा ६५ मिलिमीटरचा स्कोप साध्या काचेच्या ८० मिलिमीटरपेक्षा मला केव्हाही बरा वाटतो. नावेच सांगायची तर सेलेस्ट्रॉनच्या ट्रेलसीकर व रीगल एम२ आणि व्हॉर्टेक्सची डायमंडबॅक एचडी या मालिकांत १६ ते ४८ पटींचे, ६५ मिलिमीटरचे जलरोधक स्कोप आहेत. यांपैकी रीगल एम२मध्ये ईडी काच आहे. ‘एचडी’ या अक्षरांना ठरलेला अर्थ नाही, प्रत्येक कंपनी ती आपल्या मर्जीने वापरते, हे ध्यानात ठेवावे. आयात मालाच्या किमती सतत बदलतात, म्हणून त्यांचे आकडे इथे देत नाही. आपण तीन-चार ठिकाणी विचारावेच.

डोळ्याकडचा भाग सरळ असावा की ४५ अंशांत वर वळलेला, याचे उत्तर आपल्या गुडघ्यांनीच दिले आहे. वळलेल्या स्कोपमध्ये मान किंचित झुकवून पाहता येते, तिपाई छातीच्या उंचीवरच ठेवली तरी चालते, घडीच्या स्टुलावर बसून पाहणे सोपे जाते, आणि बरोबर नातवंडे असली तर प्रत्येकासाठी तिपाई वरखाली करावी लागत नाही. त्यात पक्षी शोधणे सुरुवातीला अवघड वाटते, कारण नजर एकीकडे आणि नळी दुसरीकडे असते. त्यावर एक स्वस्त तोडगा आहे : वायरी बांधायची प्लास्टिकची पट्टी नळीभोवती आवळून तिचे शेपूट बंदुकीच्या माशीसारखे उभे ठेवावे आणि सर्वांत कमी पटींवर त्या रेषेत नेम धरावा. मोटारीच्या खिडकीतून पाहणाऱ्यांनी मात्र सरळ स्कोप घ्यावा.

चष्म्याचे सांगायचे तर, आयपीसपासून, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगापासून, डोळा किती दूर ठेवून संपूर्ण चित्र दिसते ते अंतर माहितीपत्रकात मिलिमीटरमध्ये दिलेले असते. चष्म्यासाठी ते किमान पंधरा असावे, सतरा-अठरा असल्यास उत्तम. झूम वाढवला की पुष्कळ स्कोपमध्ये हे अंतर घटते, त्यामुळे दोन्ही टोकांचे आकडे विचारावेत. आपला नंबर नुसता जवळचा किंवा लांबचा असेल, तर चष्मा काढून फोकस फिरवला तरी चित्र स्वच्छ दिसते. सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल, तर मात्र फोकसने ती उणीव भरून निघत नाही. प्रोग्रेसिव्ह चष्मा असल्यास त्याच्या वरच्या, दूरच्या भागातून पाहावे, कारण स्कोपमधली प्रतिमा डोळ्याच्या दृष्टीने दूरचीच असते. वळलेल्या आयपीसमध्ये खाली मान घालून पाहताना नकळत वाचनाच्या भागातून पाहिले जाते, आणि मग लोक स्कोपला नावे ठेवतात.

राहिली तिपाई. स्कोपवर पंचावन्न हजार आणि तिपाईवर उरलेले दोन-तीन हजार अशी वाटणी फार जण करतात आणि पस्तावतात. माझ्या मते एकूण रकमेचा चौथा ते तिसरा हिस्सा तिपाई आणि तिच्या माथ्यासाठी काढून ठेवावा. माथा व्हिडिओसाठी वापरतात तसा, तेलाच्या हलक्या रोधावर फिरणारा घ्यावा. छायाचित्रकारांचा गोळ्याचा माथा सैल केला की स्कोप एकदम नाक खाली घालतो. तिपाईचा मधला दांडा वर काढला की थरथर वाढते, म्हणून तो खालीच ठेवून पुरेल एवढी उंची पायांचीच असावी. वजन दोन किलोच्या आसपास असू द्यावे. याहून हलकी तिपाई धरणावरच्या वाऱ्यात टिकत नाही. वीर धरणाच्या भिंतीजवळ मी एकदा पिशवीतून चहाचा थर्मास काढायला वळलो तेवढ्यात वाऱ्याने माझी हलकी तिपाई स्कोपसकट आडवी केली. भिंग वाचले, पण फोकसचे चाक त्या दिवसापासून करकरते. तेव्हापासून सॅक तिपाईच्या मध्यभागी टांगून ठेवतो.

आणि पक्षी सप्ताहाची घाई करू नये. मारुती चितमपल्ली यांच्या ५ नोव्हेंबर या जन्मदिवसापासून सलीम अली यांच्या १२ नोव्हेंबर या जन्मदिवसापर्यंतचा तो आठवडा साजरा करायला आपली दुर्बीण पुरेशी आहे. चांगल्या पावसानंतर उजनीचा जलाशय त्या सुमारास तुडुंब असतो. पाणी उतरून चिखलाची मैदाने उघडी पडतात ती पुढे, आणि रोहित पक्षी आणि टिलवे खऱ्या अर्थाने नजरेत भरतात ते हिवाळा सरत येताना. तोवर दोन-तीन मित्रांचे स्कोप डोळ्याला लावून पाहावेत.

प्रश्न : आम्ही मुळशीच्या बाजूला राहतो. माझ्या स्कोपवर ‘वॉटरप्रूफ’ असे छापलेले असूनही दोन पावसाळ्यांनंतर भिंगावर कोळिष्टकासारखी बुरशी आली. विक्रेत्याच्या मते वॉटरप्रूफ स्कोपला बुरशी येऊच शकत नाही आणि चूक माझी आहे. पुढचा स्कोप घेताना नायट्रोजनऐवजी आर्गॉन भरलेला घ्यावा का?
— एक वाचक, पौड

उत्तर : विक्रेत्याचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि कोणते अर्धे ते बुरशी भिंगाच्या बाहेर आहे की आत यावर ठरते. अंधाऱ्या खोलीत पुढच्या बाजूने तिरकी विजेरी धरून आयपीसकडून, आणि नंतर उलट बाजूने पाहावे. जाळे सर्वांत बाहेरच्या पृष्ठभागावर असेल, तर जलरोधकतेचा त्याच्याशी संबंध नाही. काचेवरच्या बोटांच्या ठशांतली चिकटाई, धूळ आणि मुळशीच्या आषाढ-श्रावणातली ओल एवढे बुरशीला पुरते, मग नळीच्या आत कोणताही वायू असो. जाळे आतल्या भिंगांवर असेल, तर ओलसर हवा आत शिरली आहे. म्हणजे एकतर स्कोपची मोहोरबंदी कधीच नीट नव्हती किंवा नंतर ती सुटली. अशा वेळी दोष वापरणाऱ्यावर ढकलणे योग्य नाही.

जलरोधक स्कोपमध्ये दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र केलेल्या असतात. सांध्यांमध्ये रबराच्या कड्या बसवून बाहेरचे पाणी अडवतात, आणि आतली हवा काढून तिच्या जागी कोरडा वायू भरतात. वायूचे काम पाणी अडवण्याचे नाही. त्यात बाष्प नसल्यामुळे थंडीत किंवा तापमान एकदम बदलल्यावर आतल्या काचांवर दव धरत नाही, एवढेच त्याचे काम आहे. नायट्रोजन कोरडा असतो, आर्गॉनही कोरडा असतो. या निवडीवर आपण एक दिवसही खर्च करू नये. कड्या मात्र महत्त्वाच्या. रबर वर्षानुवर्षे उन्हात तापले की ताठर होते, त्यामुळे मोटारीच्या मागच्या काचेखाली स्कोप ठेवून देण्याची सवय असेल तर ती मोडावी.

खरेदी करताना नुसत्या ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर समाधान मानू नये. ‘वेदरप्रूफ’ आणि ‘वॉटर रेझिस्टंट’ हे शब्द तर सोयीने पसरट ठेवलेले असतात. माहितीपत्रकात आयपीएक्स ४ असे असेल, तर सगळ्या बाजूंनी उडणारे पाणी सोसण्यापुरती हमी आहे. आयपीएक्स ७ असेल, तर एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून घेतलेली चाचणी आहे. त्या ‘एक्स’च्या जागी धुळीचा अंक असायला हवा होता आणि धुळीची चाचणी नोंदवलेली नाही, असा त्याचा अर्थ. मार्च-एप्रिलमध्ये माळावर जाणाऱ्यांनी तिकडेही लक्ष द्यावे. पुण्यात बसून पक्षी पाहणाऱ्याला आयपीएक्स ७ हवेच का, असे कोणी विचारेल. मुसळधार पावसात कोणी स्कोप लावत नाही हे खरे. पण बुडवूनही टिकणारी मोहोरबंदी म्हणजे चार महिन्यांची दमट हवाही आत न जाण्याची बरीच शाश्वती, आणि आपल्याकडे खरा शत्रू ती हवा आहे.

आयपीस बदलता येणाऱ्या स्कोपमध्ये एक कच्चा दुवा असतो. चांगल्या स्कोपची नळी आयपीसच्या मागे वेगळ्या काचेने बंद केलेली असते, त्यामुळे आयपीस काढला तरी आतला वायू तसाच राहतो. काही स्वस्त स्कोपमध्ये अशी काच नसते आणि आयपीस काढताच संपूर्ण नळी उघडी पडते. विकत घेताना आयपीस काढून आत पाहावे. काच दिसली नाही, तर तो स्कोप कागदावर कितीही जलरोधक असो, मुळशीत नेऊ नये. काच असली तरी पावसात आयपीस बदलू नये.

ठेवण्याचे म्हणाल, तर भिजलेली कापडी पिशवी हे बुरशीचे माहेरघर आहे. घरी आल्यावर स्कोप पिशवीतून काढून, कोरड्या कापडाने टिपून, झाकणे न लावता पंख्याखाली ठेवावा आणि पूर्ण सुकल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावा. डब्यात छोटा आर्द्रतामापक टाकून आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखला की पुरे. सिलिका जेलचा रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर कोरडे करून पुन्हा वापरता येते. बुरशी मारण्यासाठी स्कोप उन्हात ठेवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये; एक तर कड्या तापतात, आणि सूर्याकडे तोंड करून राहिलेला स्कोप आपल्या किंवा घरातल्या मुलांच्या डोळ्यांना क्षणात कायमची इजा करू शकतो. आत बुरशी असलेला स्कोप घरी उघडू नये, कारण वायू जातो आणि भिंगांची रेषाही चुकते.

प्रश्न : दुकानात स्कोप पाहायला गेल्यावर दुकानदार समोरच्या इमारतीवरची पाटी दाखवतो आणि ती प्रत्येक स्कोपमध्ये चांगलीच दिसते. मग फरक ओळखायचा कसा?
— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : पाटी काचेच्या दारातून दाखवली असेल, तर ती परीक्षा बाद समजावी. दाराची किंवा खिडकीची काच स्कोपच्या भिंगाइतकी अचूक घडवलेली नसते, आणि वीसपटींवर तिचा दोष स्कोपचा दोष वाटतो. स्कोप तिपाईसह फुटपाथवर आणण्याची विनंती करावी. दुकानदार नको म्हणाला, तर दुकान बदलावे.

बाहेर आल्यावर पाटीऐवजी आकाशाच्या पार्श्वभूमीवरची विजेची तार किंवा पाण्याच्या टाकीची कड शोधावी. तारेच्या दोन्ही बाजूंना रंगांची किनार किती आहे, तार मधून कडेला नेली की ती कुठपर्यंत रेखीव राहते, हे पाहावे. अगदी कडेला थोडे मऊ होणे मध्यम किमतीत क्षम्य आहे, मध्यभागी मऊ असणे नाही. मग झूम सर्वांत खालून वर नेत जावा. चित्र नुसते काळोखत आणि मोठे होत आहे, तपशील वाढत नाही, असे ज्या पटीला वाटू लागेल ती त्या स्कोपची खरी मर्यादा. फोकसच्या चाकाने एकदा स्पष्ट बिंदू सापडला की तो ठळकपणे ‘बसला’ पाहिजे. पुढेमागे फिरवूनही नेमकी जागा हाती लागत नसेल, तर त्या नमुन्यात काहीतरी बिघाड आहे. एकाच कंपनीच्या, एकाच मालिकेच्या दोन स्कोपमध्येही असा फरक पडतो, म्हणून पाहिलेला नगच घरी न्यावा, गोदामातून आणलेला सीलबंद खोका नको. दुकानदाराला हे आवडत नाही. आपण आग्रह धरावा.

परत करण्याची मुदत मिळत असेल, तर एका पहाटे पर्वतीवर जावे. पाऊस पडून हवा निवळलेली असताना तिथून सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा पाहावा आणि तासाभराने पुन्हा पाहावा. दुसऱ्या खेपेला मनोरा थरथरताना दिसला, तर स्कोपला दोष देऊ नये. रात्री एखादा ठळक तारा फोकसच्या किंचित आत आणि किंचित बाहेर नेऊन पाहिल्यास दोन्ही वेळा सारखी, गोल वर्तुळे दिसली पाहिजेत. एका बाजूला ओढलेली किंवा त्रिकोणी दिसली, तर भिंगे नीट बसलेली नाहीत.

प्रश्न : एवढ्याच पैशांत मोठ्या झूमचा कॅमेरा येतो. मग स्कोप कशाला?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : प्रश्न रास्त आहे, आणि काही जणांसाठी उत्तर ‘कॅमेराच घ्या’ असे आहे. निकॉनच्या पी१००० या कॅमेऱ्याचा ऑप्टिकल झूम १२५ पट आहे आणि त्याची पोच ३००० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाइतकी आहे. दूरच्या कुरवाचे ओळख पटण्यापुरते छायाचित्र त्यात सहज निघते. नोंदीला पुरावा हवा असेल, किंवा घरी येऊन संगणकावर ओळख पटवण्याची आपली पद्धत असेल, तर स्कोपला फोन जोडून धडपडण्यापेक्षा हा कॅमेरा सरळ आहे. मात्र तो पावसापासून सुरक्षित केलेला नाही. शिवाय एखाद्या शेकाट्याच्या जोडीकडे पडद्यावर तासभर पाहत राहणे आणि स्कोपमध्ये तासभर पाहत राहणे यांत फरक आहे. पडद्यावर आपण पक्षी शोधतो, टिपतो आणि पुढे जातो. स्कोपमध्ये तो चोच कशी खुपसतो, शेजाऱ्याला कसा हुसकावतो हे पाहत राहतो. आपला कल कोणीकडे आहे ते आपल्यालाच ठाऊक.

स्कोप घेऊन त्यावर फोन लावायचाच असेल, तर आयपीसचा बाहेरचा व्यास मोजून मगच जोडणी घ्यावी, आणि चित्र वीस-पंचवीस पटींवर काढावे.

प्रश्न : माझ्याकडे आकाशदर्शनाची ७० मिलिमीटरची दुर्बीण गच्चीवर पडून आहे. मी महाविद्यालयात शिकतो, नवा स्कोप परवडत नाही. तीच पक्ष्यांसाठी चालेल का?
— एक वाचक, धायरी

उत्तर : गच्चीवरून चालेल, काठावर जमणार नाही. तिच्यात प्रतिमा उलटी किंवा डावी-उजवी बदललेली दिसते. प्रतिमा सुलटी करणारा ४५ अंशांचा प्रिझम बसवला, तर घराजवळच्या झाडावरची घार किंवा तलावाच्या पलीकडचा ढोकरी बगळा छान दिसेल. पण तिची नळी मोहोरबंद नसते, धूळ आणि दव थेट आत जातात, आणि सोबत आलेली तिपाई सहसा बोट लागले तरी डुलते. उजनीवर ती नेऊन खराब करण्यापेक्षा पैसे साठवून पहिल्यांदा ८×४२ची चांगली दुर्बीण घ्यावी. स्कोपचा क्रम त्यानंतरचा. भविष्यात स्कोप आलाच, तर तो आकाशदर्शनालाही वापरता येईल. वीसपटींवर गुरूचे चार मोठे चंद्र ठिपक्यांसारखे ओळीत दिसतात, आणि चाळीसच्या पुढे, तिपाई दणकट असेल तर, शनीचे कडे त्याच्यापासून सुटे झालेले ओळखू येते.